अंधार आखणारे नाना

आमच्या गावच्या पेठेत मी नानांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात उकिडवे बसून फक्की टाकत होते. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. संध्याकाळची वेळ होती, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते, आणि खाकी शर्टातला एक वाळका माणूस कापडाच्या दुकानासमोर वेडावाकडा गोल काढत होता. दुकानाचा मालक पायरीवर येऊन उभा राहिला होता. आदल्याच महिन्यात शेजारी दुसरं कापडाचं दुकान निघालं होतं, त्यामुळे आपल्या दारात कुणी पांढरं काही आखतोय म्हटल्यावर त्याच्या मनात जे यायचं तेच आलं.

"काय चाललंय हे? कुणी पाठवलंय तुमास्नी?" मालकानं विचारलं.

"कुणी न्हाई," नाना मान वर न करता म्हणाले. "अंधार आखतोय."

मालकाचा उरलासुरला धीर तिथंच सुटला. पुढं कित्येक दिवस त्या दुकानाला लिंबू-मिरचीचा एक हार जास्तीचा होता.

मी त्याच दिवशी सकाळी नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात अभियंता म्हणून रुजू झाले होते. घर मिरजेला, तिथून एसटीनं तासाभराच्या अंतरावरच्या या गावात रोज ये-जा. नोकरी पहिलीच, प्रोबेशनवर. दुसऱ्या दिवशी कळलं की तो अंधार आखणारा माणूस माझ्याच हाताखालचा सगळ्यांत जुना वायरमन. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. मी त्यांना विचारलं, हा काय प्रकार? तर त्यांनी मला शाळेतल्या पोरीला समजवावं तसं समजावलं. दोन खांबांच्या मध्ये उजेड कुठं संपतो तिथं संध्याकाळी रेघ मारायची आणि सकाळी येऊन बघायचं.

"सकाळी का?"

"रात्री अंधार दिसत न्हाई मॅडम. अंधारात कसा दिसंल? सकाळी आखल्याला दिसतोय. त्यात काय काय येतंय ते कळतंय. गटाराचं झाकण येतंय, पायरी येतीया, कुणाचं दार येतंय."

माझ्याकडे पदवी होती आणि उजेड मोजायचं एक नवंकोरं मीटर होतं. नानांकडे फक्कीची पिशवी होती. मी मीटर घेऊन निघाले की ते म्हणायचे, "चला, मॅडम ताप बघायला निघाल्या." ते रागानं नव्हते म्हणत. पण मला राग यायचा, आणि तो आलेला त्यांना आवडायचा.

नानांचं सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे खांबांची नावं. नगरपालिकेनं प्रत्येक खांबाला नंबर दिला होता, तो पत्र्यावर रंगवून खांबाला ठोकलाही होता. नाना तो वाचायचेच नाहीत. त्यांच्या वहीत पिठाच्या गिरणीचा खांब असायचा, दूधवाल्या काकूंचा खांब असायचा, एक थोडा कललेला होता तो रुसलेला खांब असायचा. पुढं तक्रारींचं ॲप आलं. त्यात खांबाचा नंबर टाकल्याशिवाय गाडं पुढं सरकत नसे. नानांनी ते दोन दिवस वापरून पाहिलं आणि मोबाइल माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, "ह्याला गिरणी कुठं हाय ते ठाऊक न्हाई, आन हे गिरणीचा दिवा लावणार."

एक खांब होता दोन भावांचा. दोघांची घरं समोरासमोर आणि बोलणं बंद. तो दिवा गेला तर दोघांपैकी कुणीही तक्रार करायचं नाही, कारण दिवा लागला तर समोरच्यालाही उजेड पडणार. नानांना हे माहीत होतं. त्यामुळे त्या खांबाखालून ते आठवड्यातून दोनदा न चुकता जायचे. दिवा गेलेला असला की दुसऱ्या दिवशी बदलून यायचे आणि परत येताना दोन्ही घरांत चहा घ्यायचे. धाकटा म्हणायचा, मी सांगितलं म्हणून आलासा ना? थोरलाही तेच म्हणायचा. नाना दोन्हीकडे हो म्हणायचे.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत तर ऐकण्यासारखी. नवा दिवा बसवला की ते त्याच्याकडे बघायचेच नाहीत. पाठ करून उभे राहायचे आणि समोरून येणाऱ्या माणसाला आठ-दहा पावलांवरून विचारायचे, "मी कोण?" एकदा मेथीची पाटी घेऊन चाललेल्या एका आजींना त्यांनी असंच अडवलं. आजी थांबल्या, डोक्यावरची पाटी सावरली आणि म्हणाल्या, "एवढं म्हातारपण आलं व्हय रं? सवताचं नाव इसरलास?"

नाना खूश. वहीत खूण करत म्हणाले, "वळखलं. पास."

"तोंड वळखू आलं पायजे मॅडम," ते मला म्हणाले. "बाई मानूस चाललंय, समोरनं कोन येतंय ते वळखू आलं की निम्मी भीती जाती. नुसता रस्ता उजळून काय करायचंय? रस्त्याला कुठं भ्या वाटतंय?"

मी हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं ते चार पानं लांब होतं आणि त्यात आजी नव्हत्या.

पेठेचे दिवे लावायची पेटी चौकात होती. टायमर बसवायच्या आधी ती नाना हातानं लावायचे. खटका ओढला की सगळी पेठ एकदम उजळायची आणि दुकानदार, गिऱ्हाईक, भाजीवाल्या, ज्याच्या त्याच्या हातून आपोआप नमस्कार व्हायचा. दिवेलागणीला दिव्याला हात जोडायची आमच्याकडची रीतच आहे, मग तो दिवा समईतला असो नाहीतर खांबावरचा. नाना त्या वेळी चटकन बाजूला सरून पेटीच्या मागं उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "नमस्कार दिव्याला असतोय. मी मधी उभारलो तर माझ्या अंगावर यील. मला न्हाई झेपायचा." टायमर बसल्यावरही ते रोज त्या वेळी चौकात जायचेच. टायमरवर त्यांचा विश्वास नव्हता, किंवा मग करमत नसेल.

कारखाने सुरू झाले की कडेगावाकडून उसाच्या ट्रॉल्या पेठेतून जायला लागायच्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं एकही दिवा नाही, आणि चालक चहाला थांबला की सगळं धूड रस्त्याच्या कडेला अंधारात उभं. नाना पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन जायचे आणि चालक चहा पीत असेपर्यंत ट्रॉलीच्या मागच्या फळीवर जाड पट्टे ओढून मोकळे व्हायचे. कुणाला विचारायची भानगड नाही. एकदा एक चालक तावातावानं आला, "माझ्या ट्रॉलीला चुना कुनी फासला?"

"मी," नाना म्हणाले. "चुना न्हवं गड्या, आइलपेंट हाय. जायाचा न्हाई. घरी पोरंबाळं हायती का तुला?"

चालक म्हणाला, हायती. "मग दुसऱ्या ट्रॉलीला बी मारू दे," असं म्हणून नानांनी तिलाही पट्टे ओढले. चालकानं डबा धरला.

घरी त्यांच्या या व्यापाला एकच माणूस पुरून उरायचं, ते म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू. काकू म्हसवडच्या. तिथल्या सिद्धनाथावर आणि स्वतःच्या जिभेवर त्यांचा पूर्ण भरवसा. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी ओळख करून दिली ती अशी: "ह्यांचं लगीन खांबासंगं झालंय. मी आपली वरातीत आल्याली, ती ऱ्हायली."

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

पेठ सुशोभित करायचं ठरलं. मधला दुभाजक, त्यावर उंच नक्षीदार खांब, प्रत्येक खांबाला दोन्ही बाजूंना एलईडी दिवे. आराखडा माझा. रात्र-रात्र बसून संगणकावर केला होता आणि मला तो फार देखणा वाटत होता. खांबांमधलं अंतर कसं एकसारखं, रस्त्यावर उजेड कसा सलग. फुटपाथवरही पुरेसा उजेड पडेल असं संगणकानं दाखवलं, आणि तसं मी सहीनिशी लिहून दिलं. फक्त एक गोष्ट मी केली नव्हती. फुटपाथच्या कडेची करंजाची झाडं आणि दुकानांचे पुढं आलेले पत्रे मी त्या नकाशात घातलेच नव्हते. त्यांची मोजमापं घ्यायला आठवडाभर उन्हात फिरावं लागलं असतं. मला घाई होती. झाडं म्हणजे काय, छाटता येतील, असं मी स्वतःला सांगितलं.

नानांना मी नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी बराच वेळ तो उलटा-सुलटा करून पाहिला. मग विचारलं, "ह्यात मान्सं कुठनं चालत्यात?" मी फुटपाथवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दिवे लागले. उद्घाटन झालं. ड्रोनवरून फोटो काढले, ते सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरले. वरून पेठ झगमगत होती. मिरजेहून आई-बाबा बघायला आले होते. बाबांनी दुभाजकाजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

त्याच आठवड्यात नाना फक्कीची पिशवी घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी गिरणीपासून रेघ मारायला सुरुवात केली, ती मारत मारत औषधाच्या दुकानापर्यंत गेले, तिथून चौकापर्यंत. एकही गोल नाही. सबंध फुटपाथ एकाच रेघेच्या आत. उंच दिव्यांचा सगळा उजेड रस्त्यावर, मोटारींच्या टपांवर आणि करंजाच्या शेंड्यांवर; झाडाखाली आणि पत्र्यांखाली काळोख, आणि रस्ता इतका पांढराफटक की तिकडून नजर वळवली की तो काळोख आणखीच दाट वाटायचा. चौकात पोचल्यावर पिशवी संपली. नाना पिशवी झटकत म्हणाले, "मॅडम, येक इचारू का? तुमी रोज सांजचं हापिसातनं स्टँडवर जाता. रस्त्याच्या कडंनं जाता, गाड्यांच्या मधनं. फुटपाथनं का जात न्हाई?"

मी तसं कधी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप रस्त्यावर उतरायचे. ज्या फुटपाथवर पुरेसा उजेड आहे असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं, त्यावरून मी स्वतः एकदाही चालले नव्हते.

आणि मी एकटीच नव्हते. सगळ्या बायका रस्त्यानं चालत. काही दिवसांनी अंगणवाडीतल्या एका मदतनीस बाईंना तिथंच मोटारसायकलचा धक्का लागला आणि त्यांचा हात मोडला. नाना त्यांना दवाखान्यात बघून आले आणि थेट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "हातावर निभावलं," ते म्हणाले. "तुमी साहेबास्नी लिवा. फुटपाथला बारके खांब पायजेत म्हनून."

मी म्हटलं, "नाना, मी लिहिलं की ते आधीचा कागद काढतील. त्यावर माझी सही आहे. माझं प्रोबेशन संपायला चार महिने आहेत. ते संपलं की लिहिते."

"मी तक्रार दिली तर?"

"तरी तोच कागद निघेल."

नाना तसेच वळून निघून गेले. मला तेव्हा वाटलं, ते रागावले. मी त्यांची नजर चुकवू लागले. त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता, आणि मला त्या महिन्याची घाई झाली होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

निवृत्तीच्या सत्काराची तयारी सुरू झाली. आमच्याकडे सत्कार सभागृहात होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, चिवडा-पेढा, आणि ज्याचा सत्कार त्याच्या डोळ्यांत थोडं पाणी. नाना अडून बसले. सभागृह नको. सत्कार पेठेत करायचा, औषधाच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर, दिवेलागणीला, कचेरी सुटल्यावर. मुख्याधिकारी साहेबांनी समजावलं, मी समजावलं. नानांचं एकच, "सगळी नौकरी रस्त्यावर झाली. निरोप बी रस्त्यावर द्या." एवढ्या जुन्या माणसाची एवढी इच्छा कोण मोडणार? साहेब म्हणाले, असू दे.

त्या संध्याकाळी करंजाखाली तीसचाळीस माणसं जमली. खुर्च्या मांडल्या होत्या पण त्या शोधाव्या लागत होत्या. काकू जरीकाठाचं लुगडं नेसून, लेकी-जावयांना घेऊन आल्या होत्या, आणि कुणाच्या तरी पायावर पाय पडल्यामुळे आल्या आल्याच चिडल्या होत्या. पलीकडे रस्ता लख्ख. नगराध्यक्षांची गाडी त्या लख्ख उजेडात थांबली, ते उतरले आणि फुटपाथवर चढले. कुणीतरी त्यांच्या हातात हार दिला. समोर खाकी कपड्यांतला एक वाळका माणूस उभा होता. नगराध्यक्षांनी दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यात हार घातला, त्याला छातीशी धरलं आणि म्हणाले, "नाना, तुमच्यासारखी माणसं आता मिळायची न्हाईत."

तो आमचा शिपाई होता. "मी न्हवं, मी न्हवं," असं तो हळू आवाजात म्हणत होता, पण नगराध्यक्षांच्या मिठीतून तो आवाज बाहेर येत नव्हता. तोवर साहेबांनी त्याच्या खांद्यावर शालही टाकली. मग नाना बाजूनं म्हणाले, "म्या हिकडं हाय साहेब."

आधी काकू हसल्या. मग सगळा फुटपाथ हसला. चुकीचा माणूस शाल काढून द्यायला लागला तर ती हारात अडकली, आणि ती सोडवायला कुणालाच नीट दिसेना. हसणं थांबल्यावर मात्र नगराध्यक्षांचा आवाज बदलला होता.

"एवढा खर्च करून इथं माणसाचं तोंड दिसत न्हाई? कुणी केलाय हा आराखडा?"

साहेबांची मान माझ्याकडे वळली की काय, हे मला दिसलं नाही. पण वळली असणारच.

"चुकी माझी हाय," नाना म्हणाले. "मॅडमनी इचारलं व्हतं झाडांचं. मी म्हनलो, घालू नगा नकाशात, झाडं मी छाटून घेतो. आन छाटली न्हाईत. ऱ्हाऊन गेलं."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मी त्यांना झाडांबद्दल कधी विचारलंच नव्हतं. लेकी-जावयांसमोर, काकूंसमोर, ज्या गावाचा एक दिवाही कळल्यावर त्यांनी कधी दोन दिवसांवर बंद राहू दिला नव्हता त्या गावासमोर, नाना म्हणत होते की कामचुकारपणा आपण केला. आणि मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही उघडलं. नगराध्यक्ष म्हणाले, "जाता जाता घोळ घालून चाललाय म्हणायचा," आणि साहेबांना म्हणाले, "फुटपाथचं काय ते बघा लगेच." मग पेढे वाटले. काकू परत हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक पत्र लिहिलं. झाडं आणि पत्रे नकाशात न घालणं ही माझी चूक, नानांचा तिच्याशी संबंध नाही, असं चार ओळींत. ते घेऊन आधी नानांच्या घरी गेले. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस. आवं, आल्या बगा तुमच्या मॅडम."

नानांनी पत्र लांब धरून वाचलं. मला वाटलं, फाडतील. फिल्मी काहीतरी म्हणतील. त्यांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"ह्यात नुसती चुकी लिवलीया. चुकी वाचून दिवा लागतोय व्हय? काय पायजे ते लिव पोरी."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

"लिव. खांब बारा फुटी, फांदीच्या खाली. तोंड फुटपाथकडं. उजेड पिवळा, इस्पितळागत पांढरा नगो."

"दोन खांबांत अंतर किती?"

"अंतर लिवू नगो, जागा लिव. गिरणीची पायरी. औषधाच्या दुकानाची पायरी. मेथीवाल्या आजी बसत्यात ती जागा. गटाराचं फुटकं झाकण." मग म्हणाले, "झाकण बी बदलाय पायजे म्हनून लिव. येकाच कागदात व्हऊन जाऊ दे."

पत्राच्या चार ओळींची दोन पानं झाली. काकूंनी भाकरीवर झुणका घालून ताट पुढं केलं. "खा आदी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा राग आला व्हता मला रात्री. लोकांम्होरं कामचुकार म्हनवून घेतलं सवताला. मग म्हनलं, ह्यो मानूस खोटं बोलाय लागला म्हंजे काय तरी कारन आसंल. आता कळलं."

मी पत्र दिलं. मला खुलासा विचारणारी नोटीस आली, प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं, आणि मिरजेला बाबा चार दिवस माझ्याशी कमी बोलले. पावसाळ्यानंतर फुटपाथला बारा फुटी खांब लागले, बरोब्बर त्या जागांवर. गटाराचं झाकणही बदललं. संगणकावर बघितलं तर त्या खांबांची रांग अगदी वाकडीतिकडी दिसते. आता संध्याकाळी बायका फुटपाथनं जातात. मेथीवाल्या आजींनी पाटी अंधार पडल्यावरही ठेवायला सुरुवात केली, तर त्यांच्या शेजारी आणखी चार पाट्या आल्या, आणि नाना हल्ली माझ्याकडे येऊन तक्रार करतात की चालायला जागा उरली नाही. मी म्हणते, ॲपवर टाका. ते म्हणतात, "त्याला मेथी ठाऊक न्हाई."

पण मला सांगायचं आहे ते आधीचं, पत्र दिल्यावर काही दिवसांनी साहेबांनी ते वाचलं त्या दिवशीचं. साहेबांनी नानांना घरून बोलावून घेतलं. मी समोरच उभी होते. साहेब रागावलेले नव्हते, त्यांना नुसतं समजत नव्हतं.

"नाना, त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं का बोललात?"

"साहेब, हिची नौकरी आत्ता कुठं लागतीया," नाना म्हणाले. "माझी त्या दिवशी संपल्याली. कचेरी सुटली तवाच मी रिटायर. चुकी कबूल केली ती त्याच्या नंतर. आता नोटीस कुनाला काढताय?"

साहेब हसले. मलाही हसू आलं. मला वाटलं, म्हातारा मोठा बेरकी. सत्काराची वेळ कचेरी सुटल्यावरची का मागितली, ते आत्ता कळलं. त्यांना काही धोकाच नव्हता तर. खरं सांगायचं तर मला थोडं हलकंही वाटलं, की चला, आपल्यासाठी त्यांनी फार काही पणाला लावलं नव्हतं.

साहेब भले होते. नाना गेल्यावर त्यांनी टेबलावरची एक फाईल ओढली, सही केली आणि मला म्हणाले, जाता जाता आस्थापनेला द्या. मी बाहेर येऊन फाईल उघडली. नानांच्या पेन्शनचे कागद होते. आस्थापनेच्या लिपिकाला मी विचारलं, हे इतके दिवस सहीवाचून होते?

"व्हय की," तो म्हणाला. "सत्कार झाला तवा बी साहेबांच्या टेबलावरच व्हते. नानांनीच त्या दिवशी चार वाजता न्हेऊन ठेवल्याले."

साहेबाची मर्जी फिरली म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या अशा फाईली मी आस्थापनेच्या कपाटात पाहिल्या होत्या. नानांनी तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिल्या होत्या.